येऊरमध्ये सॅलमँडर?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'छंद' सदरातला सॅलमँडरवरचा, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचरावरचा, लेख वाचला. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन निघा, ओलसर ओंडके उलथा, मिळालेला 'देशी' सॅलमँडर काचेच्या टाकीत ठेवा. वा! लेखकमहाशयांनी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचं नाव घेतलं आहे म्हणून विचारते, ते तिथे कधी गेले आहेत का? अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत ओंडक्याखाली सॅलमँडर निघतात, हे खरं. येऊरला ओंडका उलथलात तर विंचू निघेल, नशीब खोटं असेल तर फुरसं. शिवाय ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रात्रीचं कोणी आत सोडत नाही, आणि बिबट्या पुरवणी वाचत नाही.

सह्याद्रीत सॅलमँडर नाहीच. आपल्याकडे उभयचर म्हणजे बेडूक आणि बिनपायांचं देवगांडूळ, बस्स. भारतातला सॅलमँडर राहतो दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. त्याच्यासाठी दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला अभयारण्य आहे. तो कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे ज्याला आपण छंद म्हणता तो गुन्हा आहे. तुमच्या कृपेने काल आमच्या सोसायटीतली पोरं बरणीत 'सॅलमँडर' घेऊन माझ्याकडे आली. होती सापसुरळी! अंगावर चकचकीत खवले. सॅलमँडरला खवले नसतात, कातडी ओली असते, कित्येक जाती तर फुप्फुसांशिवाय, मुख्यतः कातडीतून श्वास घेतात. सापसुरळी कुंपणाजवळ सोडायला लावली.

माझा राग मात्र जुना आहे. आमच्या जावईबापूंनी नातवाच्या हट्टापायी ठाण्यातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानातून अ‍ॅक्सोलॉटल आणला. तोही सॅलमँडरच, पण मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या तलावाचा. 'याला काही लागत नाही हो, पाणी तेवढं बदला,' असं दुकानदाराने सांगितलं. त्या प्राण्याला सोळा ते अठरा अंश थंड पाणी लागतं. मे महिन्यात आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याने चहा अर्धा होतो! पाणी थंड करणारं यंत्र प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट. मंडळी सुट्टीत कोकणात गेली आणि टाकी माझ्याकडे आली. फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवायच्या, टाकीत सोडायच्या, वितळल्या की पुन्हा. आंब्याचा रस ठेवायला जागा नाही. एका दुपारी वीज गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. त्याचे पिसांसारखे कल्ले पुढे वळले, गांडुळाकडे त्याने बघितलंही नाही. सकाळी गेलेला होता. नातू फोनवर जो रडला, तो आवाज आपल्या छंदवाल्यांना ऐकवायला हवा होता. दुकानदार म्हणाला, 'आजी, दुसरा देतो, डिस्काउंटमध्ये.'

आणि या व्यापाराचं पुढे काय होतं, त्यावर लेखात अवाक्षर नाही. पाळीव सॅलमँडरच्या व्यापारातून युरोपात बुरशीचा रोग पोचला, असं शास्त्रज्ञ मानतात, आणि नेदरलँड्समधले रानातले 'फायर सॅलमँडर' जातीचे प्राणी जवळपास संपले. अमेरिकेने 2016 मध्ये 201 जातींची आयात बंद केली ती त्याच धास्तीने.

उभयचरांचं इतकं प्रेम आलं असेल तर आमच्या घरामागच्या तलावावर लिहा. सुशोभीकरणात काठाला चारी बाजूंनी उभी भिंत घातली. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन ओरडणारे नर बेडूक तिथे आता येत नाहीत, कारण अंडी घालायला उथळ पाणीच उरलेलं नाही. आत पडलेला बेडूक बाहेर निघत नाही. कारंजं मात्र रंगीत आहे. यावर मी गेल्या वर्षी आपल्याला सविस्तर पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. जागा नसेल, समजू शकते. सॅलमँडरला अर्धं पान लागलं ना!

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच सदरात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. शब्दकोड्याखालची बारीक ओळ पोरं वाचत नाहीत.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, नौपाडा, ठाणे