परड्यातला स्लॅब

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
16 मार्च

प्रिय भावा,

परवा फोनवर तू एकच विचारलंस, "स्लॅब काढायला फुटाला किती पडले?" आणि मी "पस्तीस" म्हणून मोकळा झालो. गंगावेशीत गाडीवर होतो, मागनं केएमटीची बस हॉर्न मारत होती. रात्री झोपताना वाटलं, हा पस्तीसचा आकडा धरून तू पुण्यात बसून इथल्या राजारामपुरीतल्या घराचा हिशेब मांडशील आणि माझ्यासारखाच तोंडावर आपटशील. म्हणून लिहायला बसलो.

आमचं घरामागचं परडं तुला माहीतच आहे, 20 बाय 14 फूट. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा परड्यात आली, उतरल्यावर घोटाभर गाळ ठेवून गेली. आबांनी वैतागून दिवाळीच्या आत सगळं परडं सिमेंटात घालून टाकलं. चार इंच जाड, आत आठ एमएमची जाळी. "चिखलाचा इषयच संपला," म्हणाले. संपला खरा, पण उतार पडला घराकडं. 2021 च्या जुलैत परत पूर आला, तो सोड, नदीपुढं कोण काय बोलणार. पण एरवीच्या पावसातही पत्र्यावरनं पडणाऱ्या पाण्याला मुरायला जागा राहिली नाही, ते सरळ मागच्या भिंतीत. आणि आमची भिंत पांढऱ्या मातीची. कमरेपर्यंत ओल चढली, गिलाव्याचे पोपडे सुटले. गेल्या गणपतीत आरासीमागचा कागद ओला लागला तेव्हा आई म्हणाली, "आता एकतर हा स्लॅब जाईल न्हाईतर मी."

मुकादम आला, टेप टाकली, 280 चौरस फूट भरलं. पस्तीसनं 9,800. मी खूश. जाडी किती, असं त्यानं विचारलं तेव्हा आबाच म्हणाले, "चार इंच. मी सोता उभा होतो."

पहिल्या दिवशी ब्रेकर लागला. दोन तासांत कोपरा फुटला, सळ्या वाकवून वर काढल्या, आणि खाली माती दिसायच्या ऐवजी परत काँक्रीट! पोरगा मशीन बंद करून माझ्याकडं बघाय लागला, मी आबांकडं. आबा टॉवेल तोंडाला बांधून खुर्चीत बसले होते. टॉवेल खाली केला आणि शांतपणे म्हणाले, "आरं हां. गोठ्याचा कोबा हाय की त्यो."

म्हशी होत्या ना आमच्या, आज्ज्याच्या वेळी. सकाळी धारा काढून दूध गंगावेशीच्या कट्ट्यावर जायचं. म्हशी गेल्या, वर पातळशी माती साचली, त्यावर आबांनी स्लॅब ओतला आणि खालचा कोबा विसरून गेले. आज्ज्यानं म्हशींच्या हिशेबानं घातलेला, तोही चार इंच, गिट्टी अशी की ब्रेकरची टोच वर उडायची. पाणी मारून धूळ बसवली तेव्हा खुरं घसरू नयेत म्हणून ओल्या सिमेंटात दोरी दाबून पाडलेल्या तिरक्या खाचा स्पष्ट दिसल्या. कडेला दावं बांधायची लोखंडी कडी, एका बाजूनं घासून पातळ झालेली. पाच मिनिटं कुणी मशीन चालू केलं नाही. मग मुकादम म्हणाला, "दादा, ह्येचं वेगळं पडणार." फुटाला 25 जादा. म्हणजे आणखी 7,000. भांडायला तोंड नव्हतं, जाडी आम्हीच सांगितली होती.

आता खरी गंमत ऐक. फोडण्याचा खर्च मला अजून तरी पटतो. मला मारलं ते उचलण्यानं. काँक्रीट घनफुटाला अडुसष्टएक किलो धर. आठ इंचांचा हिशेब केलास तर 187 घनफूट होतात, म्हणजे साडेबारा टन! आणि फोडलं की ते फुगतं, अखंड दोन ब्रासाला (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) कमी असलेला माल ढिगात पावणेतीन ब्रासावर जातो. आमचा बोळ साडेतीन फुटी, ट्रॉली पार तीन रस्त्यांच्या तिकटीवर उभी. घमेल्यात वीसएक किलो धरले तरी सहाशेच्या वर खेपा. चार गडी, दोन दिवस, 800 हजेरी, झाले 6,400. वर ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या, 1,800 प्रमाणं 5,400. ब्रेकरनं मोरीचा पाइप फोडला तो वेगळा, प्लंबरचे 1,900. ह्यातलं एकही त्या पस्तीसात नव्हतं. मुकादमानं फसवलं असं म्हणत नाही, मी "फोडायचे किती" असंच विचारलं होतं आणि त्यानं फोडायचेच सांगितले.

सळीवरनं तेवढी झटापट झाली. त्यांच्यात रीत अशी की भंगार फोडणाऱ्याचं. मी म्हणालो, आधी बोलला न्हाईस. शेवटी निम्मंनिम्मं ठरलं. 84 किलो भरलं, 28 च्या दरानं 2,352, माझ्या वाटणीला 1,176. सगळं वजा करून 29,324. म्हणजे 9,800 चं काम गेलं तिपटीवर, आणि चहा, वडा, मिसळ मी धरलीच नाही. हे आमच्या गल्लीतले दर, तुझ्याकडं वेगळे पडतील.

खरमातीचं (तुमच्या पुण्यात राडारोडा म्हणतात ना?) आणखी एक. पहिल्या ट्रॉलीवाल्यानं हळूच विचारलं, "रात्री नाल्याकडंला सोडू काय? दोनशे कमी घेतो." बांधकामाच्या कचऱ्याचे नियम आहेत, रस्त्यावर, नाल्यात टाकता येत नाही, हे खरंच. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. नदी 43 फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा जयंती नाल्यातनं पाणी उलटं शहरात घुसतं, आणि आम्ही त्याच नाल्यात आमचाच स्लॅब नेऊन टाकायचा? सुदैवानं मेव्हण्याच्या ओळखीत पाचगावला एकाच्या जोत्यात भरणी चालू होती. स्वच्छ काँक्रीट, माती-प्लास्टिक नाही, म्हणून त्यानं आनंदानं घेतलं. तू आधीच असा कुणीतरी शोधून ठेव.

शेजाऱ्याची भिंत सामाईक, तीही मातीची. तिथं मी ब्रेकर लावूच दिला नाही. भिंतीपासनं एक फुटावर कटरनं रेघ मारून घेतली आणि आतलं छिन्नी-सुतकीनं काढलं. वेळ गेला, पण काकूंच्या भिंतीला चीर पडली असती तर ह्या जन्मी बोलणं झालं नसतं.

एक चूक मात्र कबूल करतो. सगळं काढायची गरज नव्हती. घराच्या कडेनं दोन-अडीच फुटांची पट्टी काढून मुरूम भरला असता आणि पत्र्याला पन्हळ लावून पाणी बोळाच्या गटारीला नेलं असतं, तर ओलीचं काम तेवढ्यात झालं असतं, निम्म्याहून कमी पैशात. हे मला स्लॅब गेल्यावर एका इंजिनिअर मित्रानं सांगितलं, चहा पीत, हसत.

तुझं काम तर आणखी वेगळं. तुला काढायचाय तो राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीवरचा, डोक्यावरचा स्लॅब. माझा दर तिथं लावूच नकोस. सळ्या गंजून फुगल्यात आणि खालचं काँक्रीट सुटतंय म्हणालास, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव. स्लॅब कुठल्या भिंतीवर टेकलाय आणि वर जिन्याचा भार आहे का, हे तोच सांगेल. खाली टेकू दिल्याशिवाय घण घालू देऊ नकोस. महापालिकेत काय परवानगी लागते तेही आधी विचार. आणि मुकादमाकडनं एका कागदावर लिहून घे: जाडी किती धरली, जाडी वाढली तर किती, फोडलेलं रस्त्यापर्यंत कोण नेणार, ट्रॉली कुणाची, भंगार कुणाचं.

परड्यात आता मुरूम पसरलाय, आईनं कढीपत्ता आणि जास्वंद लावलीय. भिंत अजून वाळतेय. ती कडी भंगारात घालायला काढली होती, आबांनी काटा होण्याआधी उचलली. रोज सकाळी टॉवेलनं पुसतात आणि खुर्चीच्या पायाशी ठेवतात, विचारलं तर म्हणतात, "लागंल कशाला तरी."

शनिवारी येतोयस तर आदल्या रात्री फोन कर. छिन्नी घेऊन येतो, आधी एक भोक पाडून तुझ्या स्लॅबची जाडी बघू. तुझ्या बाबांना विचारू नकोस.

तुझा,
शुक्रवार पेठेतला