बरोबर काढलेला पूल खोडायला लावणारी सरावपुस्तिका

सांगली, ६ जानेवारी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
चित्रकला साहित्य विभाग

विषय : पर्स्पेक्टिव्ह सराव संचातील चुकीच्या आकृत्या व उत्तरपाने. २२ संचांची रक्कम परत मिळणे आणि सर्व ग्राहकांसाठी शुद्धिपत्र काढणे याबाबत.

महोदय,

मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत गेली २६ वर्षे चित्रकला शिकवते. नोव्हेंबरमध्ये आमच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी मी तुमच्या वेबसाइटवरून पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे लांबची वस्तू लहान दिसते तसे अंतर कागदावर दाखवण्याच्या रीतीचे, २२ सराव संच मागवले. एका संचाचे ४८० रुपये, म्हणजे एकूण १०,५६० रुपये. हे पैसे शाळेच्या खात्यातले नाहीत. पालकांनी दिले आहेत, काहींनी दोन हप्त्यांत दिले आहेत, आणि माझ्या शब्दावर दिले आहेत. म्हणून हे पत्र लिहिणे माझे काम आहे.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ‘एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षेसाठी उपयुक्त’ असे ठळक छापले आहे. कला संचालनालयाच्या या परीक्षांना आमच्या शाळेतून दरवर्षी मुले बसतात. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार, बसथांबा, पाणवठा असे प्रसंग काढायचे असतात आणि तिथे मुलांची सगळ्यात जास्त फजिती होते ती पर्स्पेक्टिव्हमध्ये. माणसे नीट येतात, पण मागची घरे अंगावर पडतात, रस्ता उभा राहतो. मराठीत, पायरीपायरीने, उत्तरांसकट सराव देणारी पुस्तिका मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला होता. संच वेळेवर आला, कागद चांगला आहे, ट्रेसिंग पेपरही चांगला आहे. पान १२ ते १५ वरचा एका लोपबिंदूचा (लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात तो बिंदू), शाळेच्या व्हरांड्याचा पाठ अगदी बरोबर आहे. तो मी वर्गात घेतला आणि मुलांना तो समजला. तक्रार त्यापुढच्या पानांबद्दल आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुलांना कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. समोर आयर्विन पूल. १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल आमच्या गावात प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात नदी किती फुटांवर गेली हे आम्ही त्याच्यावरूनच विचारतो. मुले खालच्या पायऱ्यांवर बसली. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल आडवी धरून अंगठ्याने माप घ्यायचे, हे मी त्यांना आधीच शिकवले होते. आठवीतल्या एका मुलीने तासाभरात पुलाचे रेखाटन केले. जवळची कमान रुंद, पुढची तिच्यापेक्षा अरुंद, त्यापुढची आणखी अरुंद. फार सुरेख नव्हते, पण बरोबर होते. मी तिला तसे सांगितलेही.

तुमच्या पुस्तिकेत पान ४१ वर नेमका हाच सराव आहे : ‘सारख्या मापाच्या सात कमानींचा दगडी पूल काढा.’ त्या मुलीने रविवारी घरी आपले चित्र तुमच्या उत्तरपानाशी ताडून पाहिले. उत्तरपानावर सगळ्या कमानी सारख्या रुंदीच्या छापल्या आहेत. आपले चुकले असे समजून तिने आपल्या कमानी खोडल्या आणि तुमच्यासारख्या काढल्या.

सोमवारी तिने वही दाखवली. खोडून खोडून कागदाला लव आली होती. वही खिडकीजवळ तिरक्या उजेडात धरली तेव्हा आधीच्या रेषांचे चर दिसले. मी पट्टी लावून मोजले : पहिली कमान ४५ मिलिमीटर, दुसरी ३०, तिसरी २१, चौथी १६. तेरा वर्षांच्या मुलीने नुसत्या डोळ्याने आणि पेन्सिलीने घेतलेले माप आहे हे. गणिताने काढायला बसले तर याच्या जवळचेच आकडे येतात. तुमच्या उत्तरपानावर सातही कमानी प्रत्येकी २६ मिलिमीटर आहेत. वरची आणि खालची रेषा मात्र लोपबिंदूकडे नेली आहे. म्हणजे कमानींची उंची कमी होत जाते आणि रुंदी तेवढीच राहते. त्यामुळे शेवटची कमान १० मिलिमीटर उंच आणि २६ मिलिमीटर रुंद, पालथ्या परातीसारखी झाली आहे. ज्याने हे पान तयार केले त्याने ते एकदा हातभर अंतरावरून पाहिले असते, तरी त्याच्या लक्षात आले असते.

याची रीत अवघड नाही. पहिला खांब आणि दुसरा खांब यांमधली जागा नजरेने ठरवायची. खांबांच्या माथ्याची रेषा, पायाची रेषा आणि मधोमध आणखी एक रेषा, अशा तिन्ही रेषा लोपबिंदूला न्यायच्या. मग पहिल्या खांबाच्या माथ्यापासून निघून दुसऱ्या खांबाच्या मध्यातून जाणारी तिरकी रेषा काढायची. ती पायाच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसरा खांब. तसेच पुढे चौथा, पाचवा. कर्णाची ही युक्ती आठवीच्या मुलांना एका तासिकेत येते, कारण आयताचे कर्ण मध्यात छेदतात हे त्यांना भूमितीत शिकवलेले असते. इटलीतल्या आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात अंतरे मनाने ठरवणाऱ्या चित्रकारांची चूक त्याने दाखवली आहे आणि चित्रातली चौकोनी फरशी बरोबर आली की नाही हे कर्ण काढून तपासायला सांगितले आहे. जवळजवळ सहाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलेली चूक तुम्ही उत्तर म्हणून छापली आहे. (पान ३ वर ‘पर्स्पेक्टिव्हचा शोध लिओनार्दो दा विंचीने लावला’ असे लिहिले आहे, तेही दुरुस्त करा. लिओनार्दोचा जन्म १४५२ चा. फ्लॉरेन्समध्ये वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने आरसा वापरून केलेला पर्स्पेक्टिव्हचा प्रयोग त्याच्या जन्माआधी तीसेक वर्षांचा आहे.)

माझ्या मते याहून मोठी चूक क्षितिजरेषेची आहे. सरावाच्या प्रत्येक पानावर तुम्ही ती कागदाच्या बरोबर मध्यावर निळ्या शाईत आधीच छापली आहे. घाट काढा, गच्चीवरून दिसणारी गल्ली काढा, जमिनीवर मांडलेली भांडी काढा, रेषा तिथेच. क्षितिजरेषा कागदाची नसते, बघणाऱ्याच्या डोळ्याची असते. डोळा जितक्या उंचीवर, तितक्या उंचीवर ती. आम्ही हे मैदानावर करून बघतो. प्रार्थनेच्या रांगेत साधारण सारख्या उंचीची मुले उभी करायची, आणि तेवढ्याच उंचीच्या मुलाने उभे राहून बघायचे. जवळचा असो की लांबचा, सगळ्यांचे डोळे एका आडव्या रेषेत येतात. आता त्याच मुलाने जमिनीवर बसायचे. रेषा सगळ्यांच्या कमरेखाली येते, आणि लांबच्या मुलांची डोकी जवळच्यांच्या डोक्यांखाली उतरतात. हे एकदा अनुभवले की पोर आयुष्यभर विसरत नाही. गणपतीपुळ्याच्या सहलीत समुद्रावर तर वाळूत बसून आणि मग उभे राहून, प्रत्यक्ष क्षितिज आपल्याबरोबर वर-खाली होताना मुलांनी पाहिले आहे.

घाटाच्या खालच्या पायरीवर बसलेल्या मुलांची क्षितिजरेषा पाण्यालगत, चित्रात अगदी खाली यायला हवी होती. पूल जवळजवळ सगळाच डोळ्याच्या वर होता. तुमच्या पानावरच्या मधल्या निळ्या रेषेमुळे बाराएक मुलांनी पुलाचा कठडा वरून पाहिल्यासारखा काढला, आणि एका मुलाने मला विचारले, “बाई, मी खाली बसलो तरी रेषा मधेच का?” प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तिकेत त्याला उत्तर नाही. ‘डोळ्याची पातळी’ हा शब्दच ६४ पानांत कुठे आलेला नाही.

पान २७ वर दोन लोपबिंदूंची पेटी आहे. दोन बिंदूंमध्ये अंतर फक्त १४ सेंटिमीटर आणि पेटीचा जवळचा खालचा कोपरा क्षितिजरेषेच्या ९ सेंटिमीटर खाली. मी कोनमापक लावला. तो कोपरा ७६ अंशांचा भरला. काटकोनी पेटीचा समोरचा कोपरा चित्रात काटकोनापेक्षा लहान झाला की पेटी पाचरीसारखी दिसते. तपासायची सोय दहावीच्या भूमितीत आहे. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दोन लोपबिंदू जोडणारी रेषा व्यास धरून वर्तुळ काढा, कोपरा त्या वर्तुळाबाहेर गेला तर चित्र बिघडलेच. उपाय म्हणजे लोपबिंदू लांब नेणे, गरज पडली तर कागदाबाहेर. आम्ही बाकावर टाचणी टोचतो, फळ्यावर खिळा आणि सुतळी वापरतो. ज्या लिओनार्दोचे नाव तुम्ही छापले आहे त्याच्या ‘द लास्ट सपर’ (येशूचे शेवटचे भोजन) या मिलानमधल्या भित्तिचित्रात येशूच्या डोक्याजवळ, जिथे सगळ्या रेषा मिळतात तिथे, खिळ्याचे भोक आढळले आहे. मुलांना ही गोष्ट सांगितली की फळ्यावरच्या सुतळीकडे ती वेगळ्या नजरेने बघतात. ‘लोपबिंदू कागदाबाहेरही असू शकतो’ हे एक वाक्य तुमच्या पुस्तिकेत असते, तरी पुष्कळ झाले असते.

पान ३३ वर चौकटीत नियम दिला आहे : ‘सर्व समांतर रेषा क्षितिजरेषेवरच मिळतात.’ हे फक्त जमिनीला समांतर असलेल्या रेषांना लागू आहे. कौलारू छपराच्या उताराचे काय? घाटाच्या पायऱ्यांच्या उताराचे काय? त्यांचे लोपबिंदू क्षितिजरेषेच्या वर किंवा खाली, त्या बाजूच्या भिंतीच्या लोपबिंदूच्या सरळ ओळंब्यात येतात. आमच्या मुलांनी तुमचा नियम पाळून छपरे काढली आणि ती सगळी मोडली.

या चुका १८ डिसेंबरला मी ईमेलने पानांच्या क्रमांकासह कळवल्या. ‘तुमची विनंती मिळाली आहे’ असे आपोआप येणारे उत्तर आले, नंतर काही नाही. २२ तारखेला ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. आधी मला सांगण्यात आले की परतीची मुदत १० दिवसांची होती आणि पुस्तिकेत लिहिलेले असल्याने ती परत घेता येत नाही. सरावपुस्तिका लिहिण्यासाठीच असते. लिहिल्याशिवाय, उत्तरे ताडल्याशिवाय तिच्यातली चूक कोणाला दिसणार? नंतर फोनवरचा कर्मचारी म्हणाला, “मॅडम, हे शाळेतल्या मुलांसाठी आहे, आर्किटेक्टसाठी नाही.”

हे वाक्य मला फार लागले. आर्किटेक्टच्या हातात चुकीचे पान पडले तर तो ते बाजूला ठेवेल. शाळेतले मूल छापलेल्या पानावर विश्वास ठेवते आणि स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास सोडते. गावाकडच्या मुलाला क्लास नसतो, मार्गदर्शन नसते, कुठे कुठे तर चित्रकलेचा शिक्षकही नसतो. त्याच्यासाठी उत्तरपान हेच शिक्षक. आमच्या मुलीची वही माझ्या हाती आली म्हणून कळले. ज्यांच्या वह्या कोणीच पाहत नाही अशी किती मुले आपल्या बरोबर कमानी खोडत बसली असतील, या विचाराने मला झोप लागली नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. २२ संचांचे १०,५६० रुपये परत करावेत. ते मी पालकांना सहीनिशी परत देईन आणि त्याची यादी तुम्हाला पाठवीन. पान ३, २७, ३३ आणि ४१ दुरुस्त करून नव्याने छापावीत आणि डोळ्याच्या पातळीवर एक पान वाढवावे. ही दुरुस्ती हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला विनामूल्य पोहोचवावी, नुसती वेबसाइटच्या कोपऱ्यात टाकू नये. पुढच्या छपाईत निळी रेषा काढून टाकावी, म्हणजे मुले क्षितिजरेषा स्वतः ठरवतील. हे होईपर्यंत मुखपृष्ठावरचा परीक्षेचा उल्लेख झाकून संच विकावेत. दुरुस्त आकृत्या छपाईला जाण्यापूर्वी तपासून हव्या असतील तर मी त्या तपासून देईन. त्याचे मानधन मला नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या ईमेलला १७ जानेवारीला ३० दिवस होतात. तोपर्यंत लेखी उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पालकांशी तसे बोलणे झाले आहे आणि ते सोबत आहेत.

पत्रासोबत बिलाची प्रत, ईमेलची प्रत, पान २७ वर मी काढलेले वर्तुळ आणि पान ४१ चा फोटो जोडला आहे. त्या फोटोच्या शेजारी मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो आहे. तो खिडकीच्या तिरक्या उजेडात काढला आहे, नीट पाहिले तर खोडलेल्या कमानी दिसतील. मूळ पान पाठवत नाही. त्याच चरांवरून ती आता पुन्हा पूल काढते आहे.

आपली,
एक कलाशिक्षिका
सांगली