हात वर करण्याआधी

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

काल फोनवर सांगितलंस, त्या बिहारी कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. "माझं काही नव्हतं पप्पा, पण सगळेच एका बाजूला होते, मग मीही हात वर केला." ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही.

तसं येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही काही नव्हतं. कैसरियात तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात गेला आणि कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवानं मला दाखवलं, असं सर्वांसमोर बोलला. अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसून जेवायचाही. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी माणसं आली आणि पेत्र त्या पंक्तीतून अंग काढून घेऊ लागला. मत बदललं नव्हतं त्याचं, आपल्याच लोकांची भीती वाटली. त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही मागे सरला. शेवटी प्रेषित पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. आज झोपण्याआधी वाच.

बडोद्याचंही तुला ठाऊक असावं. १९१७ साली बाबासाहेब तिथं नोकरीला गेले. लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून हुसकावलं. आसऱ्यासाठी त्यांनी दोन मित्रांना विचारलं, त्यातला एक ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. घराणं मूळचं ब्राह्मण. नवऱ्याचं मन मोकळं झालं होतं, पण बायकोला घरात अस्पृश्य चालला नसता. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ख्रिस्ती घर होतं ते, बाळा! माझे आजोबा नगरजवळच्या महारवाड्यातून ख्रिस्ती मंडळीत आले. त्या दारात ते उभे असते तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं असतं. आणि आज दार आपल्या हातात आहे.

बिहारहून आलेला माणूस आपला कोण, हे मला विचारू नकोस. रविवारी प्रभुभोजनाला बसतोस तेव्हा तिथं कोण कुठल्या गावचा हे कुणी विचारतं का? मग सोमवारी सोसायटीत ते का चालतं?

पुढच्या मीटिंगला उभा राहा आणि ठराव मागे घ्यायला सांग. एकटा पडशील, लोक चार दिवस बोलणार नाहीत. पडू दे एकटं. त्या कुटुंबाचा नंबर एजंटकडे असेल, तो आत्ताच घेऊन ठेव. मीटिंगला निघण्याआधी फोन कर, तुझी आई आणि मी तुझ्याबरोबर प्रार्थना करू.

तुझा,
पप्पा