लिनक्स टाकले, पण दुसरे कार्ड जागेच राहिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल लॅपटॉप विंडोज ११च्या दाराबाहेरच राहिले. तेव्हापासून ‘जुना लॅपटॉप भंगारात घालू नका, लिनक्स टाका’ (म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) हा सल्ला वृत्तपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण ज्या लॅपटॉपवर इंटेलच्या स्टिकरशेजारी एन्व्हिडियाचे हिरवे स्टिकर आहे, त्यांच्या बाबतीत तो अर्धाच आहे. अशा यंत्रावर मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार चढवले की तक्रारी सुरू होतात: पंखा थांबत नाही, चार्जर काढला की बॅटरी बघता बघता बसते, कीबोर्डची डावी बाजू चटका देते. मग कोणी पंख्याचे सॉफ्टवेअर शोधत बसतो, कोणी ‘लिनक्सला हे झेपत नाही’ म्हणून मोकळा होतो. पंखा बिचारा त्याचे काम करत असतो. उष्णता येते कुठून, ते आधी पाहायला हवे.

या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप असतात. ‘ऑप्टिमस’ नावाने २०१०मध्ये आलेल्या या रचनेत पडदा बहुधा इंटेलच्या चिपलाच जोडलेला असतो. एन्व्हिडियाची चिप चित्र तयार करून इंटेलच्या हाती देते आणि काम नसेल तेव्हा झोपते. विंडोजमध्ये तिला झोपवण्याचे काम ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, गुपचूप करतो. लिनक्समध्ये ते नीट सांगितले नाही, तर ती रिकामी बसूनही साधारण ५ ते १० वॅट खाते. त्यात बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स, दोन्हींवरून तांब्याची एकच नळी जाते. त्यामुळे कार्ड (म्हणजे एन्व्हिडियाची चिप) तापले की प्रोसेसरचे तापमानही चढलेले दिसते आणि पंखा फिरत राहतो.

या दुखण्याला इतिहास आहे. जून २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एन्व्हिडियाला उद्देशून केलेला तो प्रसिद्ध हातवारा ऑप्टिमसबद्दलच्याच एका प्रश्नावर होता. त्याच्या आदल्या वर्षी स्वयंसेवकांनी ‘बंबलबी’ हा तोडगा काढला, आणि त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये चुकून एक मोकळी जागा पडल्याने काही जणांची प्रोग्राम ठेवण्याची अख्खी ‘यूएसआर’ डिरेक्टरी पुसली गेली. बंबलबी वापरायला सांगणारे जुने धडे अजून फिरत आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.) आधी कार्ड कोणत्या पिढीचे आहे ते ओळखावे. जीफोर्स ५४०एमसारखी फर्मी पिढीची कार्डे ३९० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबली, त्यानंतरची केप्लर पिढी ४७० मालिकेवर. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९४०एमएक्स, एमएक्स१५०, जीटीएक्स १०५० वगैरे, ५८० मालिकेपर्यंत चालतात. ३९० नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) बांधताना अडकतो, म्हणून फर्मीवाल्यांनी कंपनीच्या ड्रायव्हरचा नाद सोडून ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हरच ठेवावा. खेळ किंवा कुडा (कार्डावर गणिते चालवण्याची सोय) लागत नसेल तर इतरांनाही तो पुरतो: कार्ड रिकामे झाले की पाचेक सेकंदांत तो त्याला आपोआप झोपवतो. वेगाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये.

कंपनीचा ड्रायव्हर हवाच असेल तर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून घ्यावा, संकेतस्थळावरून फाइल उतरवून नव्हे, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला काळा पडदा ठरलेला. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चढू देणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले की ड्रायव्हर चढतच नाही. बऱ्याच ‘ड्रायव्हर चालत नाही’ तक्रारींचे मूळ याच पडद्यावर असते.

यानंतरची निवड सर्वांत महत्त्वाची. ‘सुडो प्राइम-सिलेक्ट’ या आज्ञेपुढे तीन शब्द चालतात: इंटेल (एन्व्हिडियाचे कार्ड बंद), एन्व्हिडिया (ते सतत चालू), ऑन-डिमांड (ते गरजेपुरते). नाव ऐकून सगळे तिसरा निवडतात. पण ऑन-डिमांडमध्ये कार्डाची वीज पूर्ण तोडण्याची सोय ट्युरिंग पिढीपासून पुढेच आहे, म्हणजे जीटीएक्स १६५० वगैरे. विंडोज ११ने नाकारलेल्या सातव्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत कार्ड त्याहून जुनेच असते. त्यांना ऑन-डिमांड लावले की कार्ड अर्धवट जागे राहते. अशांनी रोजच्या वापराला ‘इंटेल’ लावावे आणि गरज पडेल तेव्हाच बदलून रीबूट करावे. ट्युरिंगवाल्यांनी ऑन-डिमांड ठेवून ‘प्राइम-रन’ आज्ञेने हवा तोच प्रोग्राम कार्डावर चालवावा. नूव्हो किंवा एएमडीच्या जोडकार्डासाठी प्रोग्रामच्या नावाआधी ‘डीआरआय-प्राइम=१’ पुरते; तिथे रोमन कॅपिटल अक्षरे आणि मधे हायफनऐवजी अंडरस्कोअर लागतो.

एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचा सॉकेट एन्व्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो. ‘इंटेल’ लावले की प्रोजेक्टर दिसेनासा होतो. सॉकेट बिघडलेला नसतो. ज्या शिक्षकांना रोज प्रोजेक्टर लागतो, त्यांनी हे तपासूनच निर्णय घ्यावा.

कार्ड झोपले की नाही हे पाहायला पुष्कळ जण ‘एन्व्हिडिया-एसएमआय’ चालवतात. त्या आज्ञेनेच कार्ड जागे होते. झोपलेल्या पोराला हलवून ‘झोपलास का रे?’ विचारण्यातला हा प्रकार. त्याऐवजी ‘सिस’ डिरेक्टरीत बस, पीसीआय, डिव्हायसेस या वाटेने कार्डाच्या पत्त्याचे फोल्डर उघडावे (बहुधा ०१:००.०), आणि त्यातल्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल वाचावी. ‘सस्पेंडेड’ हवे. ‘ॲक्टिव्ह’च येत राहिले तर शेजारचा ०१:००.१ पत्ता पाहावा. ते त्याच कार्डाचे एचडीएमआय ध्वनीचे अंग. त्याच्या ‘पॉवर’मधल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ असेल तर ते कार्डाला झोपू देत नाही. तिथे ‘ऑटो’ लिहावे लागते. ‘इंटेल’ लावल्यावर ही फोल्डरेच गायब होऊ शकतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

खरा निवाडा बॅटरीच देते. चार्जर काढावा, ब्राइटनेस एका जागी ठेवावा, पाच मिनिटे काहीही न करता ‘यूपॉवर -डी’ चालवून ‘एनर्जी-रेट’ची ओळ वाचावी. बदलाआधी आणि नंतर दोन्ही वेळा वाचावी. १८चे १० वॅट झाले तर काम झाले. आकडा हललाच नाही तर कार्ड जागेच आहे, मग पडदा काहीही सांगो.

काही लॅपटॉप, विशेषतः २०१५च्या आगेमागचे, कार्ड झोपवले की पुन्हा उठवताना पूर्ण गोठतात. कार्डाची वीज तोडण्याची जुनी आणि नवी अशा दोन पद्धती फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये) असतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी आधी बायोस अद्ययावत करावा. जुन्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये ‘इंटिग्रेटेड’ हा पर्यायच असतो. तो निवडला की कार्डाचा प्रश्न मुळातून मिटतो, अर्थात डब्ल्यू५३०सारख्या मॉडेलमध्ये बाहेरचा पडदाही त्यासोबत जातो.

एवढे करूनही पंखा ओरडत असेल तर सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्यावा. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीची नमद्यासारखी पट्टी बसलेली असते. ती बाहेरून फुंकून निघत नाही, पंखा उचलूनच काढावी लागते. हवा मारताना पाती बोटाने धरावी, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते. पाच वर्षांत थर्मल पेस्ट बदललेली नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसून नवी लावावी.

मग उरतो पंख्याचा ताबा. लॅपटॉपचा पंखा एम्बेडेड कंट्रोलर नावाची वेगळी छोटी चिप चालवते. ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ नंतर ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ चालवल्यावर नियंत्रणाजोगा पंखा सापडला नाही असा संदेश येतो, तो यामुळेच. आधी ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल’ किंवा पॅनेलमधून ‘पॉवर सेव्हर’ लावून पाहावे. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. थिंकपॅडवर ‘थिंकफॅन’ उत्तम चालतो. त्यासाठी थिंकपॅड-एसीपीआय मॉड्यूलला ‘फॅन-कंट्रोल=१’ हा पर्याय द्यावा लागतो (मधे पुन्हा अंडरस्कोअर). पंख्याच्या वेगाच्या पातळ्या एकमेकींवर चढवाव्यात: ५५ अंशांपर्यंत पातळी ०, ५० ते ६५ पातळी २, ६० ते ७५ पातळी ५, ७० ते ८५ पातळी ७, आणि ८०च्या वर ऑटो. सीमा तंतोतंत जुळवल्या तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत घरघरतो. परदेशातल्या कोणाची सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलू नये. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ गाठतो, तिथे पातळी ० काढूनच टाकावी.

डेलसाठी ‘आय८केयूटिल्स’ आहे. पण बायोस काही सेकंदांत ताबा परत घेतो आणि पंखा हिसके देतो, म्हणून त्यात फार जीव अडकवू नये. एचपी, एसर वगैरेंसाठी ‘एनबीएफसी’ या पंखा चालवणाऱ्या प्रोग्रामची लिनक्स आवृत्ती मॉडेलनुसार तयार फाइली देते. ती कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये (नोंदींच्या खणांत) थेट लिहिते. जवळच्या नावाच्या मॉडेलची फाइल ‘चालून जाईल’ म्हणून लावू नये, कारण त्याच २५६ रजिस्टरांत चार्जिंगसारख्या इतर गोष्टीही असतात. आधी फक्त वाचण्याच्या मोडमध्ये चालवून पंख्याचा आकडा आवाजाबरोबर बदलतो का ते पाहावे. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल ही दारे बंद ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

दुकानातून लिनक्स टाकून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी चार्जर काढायला लावून ‘एनर्जी-रेट’ची ओळ दाखवायला सांगावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आपला,
एक वाचक, पुणे