रत्नागिरी पायी पाहणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

सुट्टीत रत्नागिरीला येणारे बहुतेक पर्यटक गाडीतूनच शहर पाहतात. खरे तर टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, १९३१ चे पतितपावन मंदिर आणि मांडवीचा किनारा हे सगळे चालत एका सकाळीत आरामात होते. थिबा राजवाडा मात्र चढावर आहे, तो वेगळा ठेवावा.

किनाऱ्यावर चालायचे तर आधी कालनिर्णय उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणून भाट्ये किनाऱ्याच्या वाळूत संध्याकाळी चालायला पौर्णिमा-अमावास्या उत्तम. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर आलेले असते आणि सुरूच्या झाडांकडच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. ओल्या, घट्ट वाळूतून चाला. उतारामुळे एकच पाय सतत खाली पडतो व गुडघा दुखतो. त्याच वाटेने परतलात की तोल साधतो.

रत्नदुर्ग किल्ल्यावर उन्हाआधी पोहोचावे. माणशी दोन लिटर पाणी हवेच. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरते, तिथे झिजलेल्या तळव्याची चप्पल हमखास घसरते. किल्ल्याच्या तटावर सेल्फीसाठी चढणाऱ्यांना काय सांगावे!

पालिकेने भरतीच्या वेळांचा फलक मांडवी व भाट्ये येथे रोज लिहावा. खडू आणि फळा, एवढाच खर्च.

– काही नियमित चालणारे, रत्नागिरी