वहिनी, आरशामागची ती ट्यूब

मेलबर्न,
दि. ४ ऑक्टोबर

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आई फराळाचं सांगत होती आणि तुम्ही मागे ओट्याशी उभ्या होतात. तेवढ्यात वळलात आणि मला तुमचे गाल दिसले. गॅसच्या धगीने होतात तसे लाल नव्हते, कातडी पातळ झाल्यासारखे लाल होते. रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत राहिलं. फोनवर सगळं घर असतं, म्हणून हे तुमच्या एकटीसाठी लिहिते आहे.

जानेवारीत ठाण्याला आले होते तेव्हा बाथरूममध्ये आरशामागे ती ट्यूब पाहिली होती. टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत आणलेली, गुंडाळी सुटू नये म्हणून केसांची पिन लावलेली. उलटून वाचली तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तेव्हाच बोलायला हवं होतं. परदेशातून येऊन शहाणपणा शिकवते असं वाटेल म्हणून गप्प बसले. चुकलं माझं.

वहिनी, ते फेस क्रीम नाही, औषध आहे. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं, ट्रेटिनॉइन कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावतं, आणि मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, सूज-लाली दाबणारं. वांगाच्या डागांवर डॉक्टर असं मलम देतातही, पण मोजके आठवडे, डागापुरतं, आणि मग बंद करतात. पार्लरवालीने नाव सांगितलं आणि केमिस्टने चिठ्ठी न मागता काढून दिलं, हे बरोबर नाही झालं. २०१८ सालीच सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला आहे.

पहिला महिना चेहरा उजळतो, ऑफिसात बायका विचारतात काय लावतेस म्हणून. मग हळूहळू कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. घाबरून मलम थांबवावं तर चार-सहा दिवसांत चेहरा भडकतो. बाईला वाटतं, सोडलं म्हणूनच बिघडलं, आणि ती पुन्हा लावते. यातच वर्षं जातात. हायड्रोक्विनोन फार दिवस लावलं तर काहींना उलट काळेनिळे डाग पडतात, ते तर जाता जात नाहीत.

म्हणून माझं ऐकून आजच ट्यूब कचऱ्यात टाकू नका. याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ट्यूब सोबत न्या, किती महिने लावलं ते खरं सांगा. कसं कमी करत सोडायचं ते त्या सांगतील. फीचं मनात येत असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कोपरीहून लांब नाही. दादाशी मी बोलू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार.

वांग धाकटीच्या वेळी आला, हे मला माहीत आहे. पण ती गुंडाळी सांगते की मलम डागापुरतं नव्हतं, अख्ख्या चेहऱ्याला लागत होतं. लग्न ठरताना आमच्याच घरातलं कुणीतरी ‘मुलगी जरा सावळी आहे’ म्हणालं होतं. मी दारात उभी होते, आणि ते तुमच्याही कानावर गेलं होतं. त्याबद्दल आजवर तुमच्यापाशी कुणी काही बोललं नाही. मी आज माफी मागते. तुमचा रंग बदलावा असं त्यात काहीच नाही, वहिनी.

वांगाला खरं खतपाणी घालतं ते ऊन. इथे १९८१ पासून लोकांना सांगतात, अंगभर घाला, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. शाळेत टोपी विसरलेलं पोर मधल्या सुट्टीत सावलीत बसतं. यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, आकडा ३ झाला की जपायचं, असा नियम. मेलबर्नला हिवाळ्यात तो ३ च्या खाली राहतो. आपल्याकडे भर दुपारी बाराही महिने ३ च्या वर असतो. तुम्ही ऐरोली स्टेशनपासून कंपनीपर्यंत चालता, त्यात हे ऑक्टोबरचं ऊन! ट्रेटिनॉइनने तर कातडी आणखी नाजूक होते.

सनस्क्रीन महागच हवं असं नाही. ट्यूबवर एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, लिहिलेला असतो. ३० चं साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण अडवतं, ५० घेतलं तर ९८. खरी चूक मापात होते. वाटाण्याएवढं लावून भागत नाही. पहिली दोन बोटं जोडून धरा, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि गळ्याला. वांगासाठी कातडीच्या रंगाची छटा असलेलं (टिंटेड), आयर्न ऑक्साइडचं मिळतं ते घ्या, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही हे डाग गडद होतात. मात्र चेहऱ्याची आत्ता आग होत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून मगच लावा. तोवर स्कार्फ आणि छत्री.

दिवाळीचं उटणं हातापायांना खुशाल लावा, यंदा चेहऱ्याला नको. लिंबू तर मुळीच नको. साध्या सौम्य फेसवॉशने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. बस.

आणि आईचं एक. तिच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढुरका गोल दिसतो. ती कोड म्हणून घाबरली असेल आणि त्यावर मोठी टिकली लावत असेल, मी ओळखते तिला. टिकलीच्या गोंदातल्या रसायनानेही तिथला रंग जातो. टिकली बंद करायला सांगा आणि तिलाही सोबत न्या, एकाच खेपेत दोघींचं दाखवून होईल.

अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते मेसेज करा. उद्यापासून आमची घड्याळं एक तास पुढे जाताहेत, म्हणजे तुमचे सकाळचे अकरा ते माझे दुपारचे साडेचार. त्या वेळी मी ऑफिसातून बाहेर येऊन फोन हातात घेऊन थांबते. डॉक्टर काय म्हणाल्या ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुमची,
नणंद