रविवारी कट्ट्यावर सगळ्यांनी थांबावे

रोज सकाळी फिरायला येणाऱ्या सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, फेऱ्या झाल्यावर, कचराळी तलावाच्या नेहमीच्या बाकांवर थांबायचे आहे. राजकारणावर बोलताना भांडण कसे टाळायचे, यावर बोलू. अर्धा तास पुरेल.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. ठाण्यात ही फूट घराघरांत शिरली. मंगळवारी आपले दोन जुने मित्र वाद घालता घालता उठून गेले, थर्मासमधला चहा तसाच राहिला. मला फार वाईट वाटले. दोघांशीही बोललो आहे, दोघेही येणार आहेत.

राजकारणावर बोलायला बंदी नाही. बंदी घातली की माणसे मनात धरून बसतात, ते जास्त वाईट. फक्त एवढे पाळा:

- उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगा. 'हो, हेच म्हणतोय' असे तो म्हणाला की मग आपला मुद्दा मांडा.
- 'गद्दार', 'अंधभक्त', 'विकले गेलेले' हे शब्द नकोत. नेत्यांवर हवी तेवढी टीका करा, समोरच्याच्या जातीवर, घरच्यांवर नाही.
- मत कोणाला दिले, हे कोणी विचारू नये. मतदान गुप्त असते.

चहा मी आणतो. कप आपापला आणावा.